मासे स्वस्थ आहेत

आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात दिवसाची सुरुवात एका हाकेने व्हायची. पंपघराचा चालक माशांच्या खोलीच्या दारात यायचा, हौदात डोकावायचा आणि अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असा ओरडायचा, "मासे स्वस्थ!" या आवाजामुळे त्याला सगळे भोंगा म्हणत आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. हाक आली की गाळणीवरची माणसं झडपा उघडत, आणि कार्यालयातला कारकून फोन उचलून तोच निरोप शाळांना आणि इस्पितळाला देई. मासे स्वस्थ आहेत. पुढे कुणी काही विचारत नसे.

हौद माझ्या प्रयोगशाळेला लागून होता. त्यातून धरणाचं कच्चं पाणी सतत वाहायचं. तुरटी पडण्याआधीचं, क्लोरीन मिसळण्याआधीचं. बोटाएवढे चंदेरी मासे कळपाने फिरत आणि तळाशी एक मोठा मिशाळ मासा पडून असे, त्याला सगळे आजोबा म्हणत. केंद्रात नवीन आलेल्या माणसाला मी सांगत असे की माशाचं नाक श्वासासाठी नसतं. पुढच्या भोकातून पाणी आत शिरतं, मागच्या भोकातून बाहेर पडतं, आणि मधल्या वाटेवर वास ओळखणाऱ्या पेशी उघड्या असतात, थेट पाण्याला भिडलेल्या. चव तर तोंडापुरती नसतेच. आजोबांच्या मिशांवर, पाठीवर, पोटावर, सगळीकडे चवीच्या कळ्या. अख्खा देह म्हणजे एक जीभ.

"म्हणजे नुसतं चिखलात लोळलं तरी चिखल खाल्ल्यासारखंच," भोंगा म्हणाला होता. "बिचारे आजोबा."

मागे एकदा कुणीतरी वरच्या ओढ्यात फवारणीच्या औषधाचे डबे विसळले होते. माझ्या उपकरणांना काही कळायच्या आत सगळे मासे पाण्याच्या तोंडापासून दूर, एका कोपऱ्यात दाटीवाटीने गोळा झाले. आम्ही धरणाकडचा दरवाजा बंद केला आणि शहर वाचलं. तेव्हापासून आमचे साहेब माझ्या आकड्यांपेक्षा माशांवर जास्त विसंबून राहू लागले. खरं सांगायचं तर मीही.

त्या सकाळी मी कामावर निघाले तेव्हा दादा पायरीवर बसून बुटांशी झटत होता, इस्पितळात जायचं होतं ते दुपारी. दादा माझा मोठा भाऊ. तो, वहिनी आणि मी एकाच घरात राहतो. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, म्हणून एक दिवसाआड त्याला इस्पितळात डायलिसिसच्या यंत्राला जोडतात. यंत्रात एक पातळ पडदा असतो. पडद्याच्या एका अंगाने त्याचं रक्त जातं, दुसऱ्या अंगाने पाणी, आणि रक्तातली घाण पाण्यात उतरते. एका बैठकीला पिंपच्या पिंप पाणी लागतं. आपण पितो ते पाणी आधी पोटात जातं, मग यकृत त्याची झडती घेतं. दादाच्या रक्ताला तेवढाही अडसर नसतो. परवा वीज गेल्यामुळे त्याची बैठक अर्ध्यावरच सोडावी लागली होती, त्यामुळे अंगात पाणी साठलं होतं.

"बूट राहू द्या," वहिनी म्हणाली. "चपला घाला. पाय बघा, पावासारखे फुगलेत."

"चपला घालून कामावर आलेला कंडक्टर पाहिलायस कधी?" दादाने उभी हयात बसमध्ये तिकिटं फाडली होती.

"कामावर कुठे निघालात? धुवायला टाकायचंय तुम्हाला."

"ऐकलंस का, पाणीवाले?" तो मला म्हणाला. चार शब्द बोलून तो थांबला, दम घेतला. "आज धुलाई आहे माझी. पाणी चांगलं पाठव."

"वन्सं, खरंच बघा हं," वहिनी म्हणाली. "नळाला या आठवड्यात मातीचा वास येतोय. शेजारच्या काकूही म्हणत होत्या."

"मासे स्वस्थ आहेत, वहिनी," मी म्हणाले आणि निघाले.

केंद्रात पोचले तेव्हा भोंग्याची हाक होऊन गेली होती. कारकून कानाला फोन लावून कुणाला तरी समजावत होता, "नाही हो, वास येत असेल, पण पाणी चांगलं आहे. मासे अगदी स्वस्थ आहेत आमचे." माशांच्या खोलीत सफाईवाल्या मावशी फरशी पुसत होत्या. हौदाच्या काठावर शेवाळाचा एक पुंजका चिकटला होता, तो काढायला मी बाही वर करून हात पाण्यात घातला.

माणसाच्या कातडीला जो वास असतो तो माशांना खपत नाही. मी हात घातला की कळप दुभंगायचा आणि मासे हौदाच्या पलीकडच्या टोकाला निघून जायचे. इतक्या वर्षांत असं झालं नाही असा दिवस नव्हता. आज ते हलले नाहीत. दोन-तीन मासे तर सरळ आले आणि माझ्या बोटांना टेकले. एकाने नखाशी तोंड लावून पाहिलं.

"माणसाळले हो," मावशी कौतुकाने म्हणाल्या. "ओळखायला लागले बाईंना."

मी हात बाहेर काढला. कोरडा केला तरी बोटांच्या टोकांवर तो स्पर्श राहिला होता, बारीक, थंड, आणि त्याहून वाईट म्हणजे निर्धास्त.

"मावशी, आज फरशीला काय वापरलंत?"

"नेहमीचं फिनेल. का हो?"

फिनेलची बादली हौदाला खेटून होती. एरवी ती दारातून आत आली की पाण्यात खळबळ व्हायची, म्हणून मावशी ती बाहेर ठेवून फडकं पिळून आणायच्या. आज विसरल्या होत्या. हौदात फिनेलचे शिंतोडे उडाले असणार, आणि मासे निवांत फिरत होते.

मी मावशींना बादली बाहेर न्यायला सांगितली आणि दार लोटून घेतलं. घाबरायचं कारण आहे की नाही, हे आधी ठरवायला हवं होतं.

प्रयोगशाळेमागच्या व्हरांड्यात राखीव माशांचं एक टाकं होतं. जात तीच, खाणं तेच, फक्त पाणी वेगळं. ते आवारातल्या विहिरीवरून यायचं. मी माशांचं थोडं खाणं पाण्यात भिजवलं आणि ते पाणी गाळून घेतलं. त्यात दिसण्यासारखं काहीच उरलं नाही, उरला तो वास. व्हरांड्यातल्या टाक्यात थोडं सोडलं तर मासे लगेच वर आले, नसलेलं खाणं शोधत गोल गोल फिरू लागले. आतल्या हौदात सोडलं तर काहीही झालं नाही. मग तिथे खाण्याचा एक दाणा टाकला. तो दिसताच दोघे झेपावले. एकाने गिळला. म्हणजे डोळे होते, ओठांना लागलं की चव कळत होती, भूक होती. म्हणूनच कुणाला काही जाणवलं नव्हतं.

उरलेली चाचणी मला आवडत नाही. अशा माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात सुटतं. ते सोडायचं की नाही हे जखमी माशाच्या हातात नसतं. पण बाकीच्यांना तो वास लागतो, आणि आपल्यातल्या कुणाला तरी कुणीतरी फाडलं आहे हे त्यांना कळतं. मी राखीव टाक्यातला एक मासा बर्फाच्या पाण्यात घालून शांत केला, मारला, मग पात्याने त्याची कातडी दोन्ही बाजूंनी ओरखडली आणि ती धुतलेलं पाणी दोन काचपात्रांत वाटून घेतलं.

व्हरांड्यात ते ओतलं तेव्हा टाकं क्षणात रिकामं दिसू लागलं. मासे दगडासारखे खाली कोसळले होते. तळाशी एकमेकांना चिकटून ते असे थिजले की परसुद्धा हलत नव्हते. एक जण खड्यांखाली डोकं खुपसत होता.

मी दुसरं पात्र घेऊन आत आले. भोंगा दारात उभा होता.

"बाई, झालं काय? मावशी म्हणाल्या तुम्ही दार लावून बसलात."

"काही बोलू नकोस. नुसतं बघ."

मी हळूहळू ओतत राहिले. मासे त्यातून पोहत गेले. कळप मोडला नाही, वेग बदलला नाही. दारात टांगलेला पडदा बाजूला सारून माणसं आत-बाहेर करतात, तसे ते त्या मेलेल्या माशातून ये-जा करत होते. एक मासा तर पात्राच्या चोचीखाली येऊन तोंड उघडझाप करत राहिला. आजोबांनी मिशी हलवली आणि पुन्हा ठेवून दिली.

"शांत आहेत की," भोंगा म्हणाला.

मी त्याला हाताला धरून व्हरांड्यात नेलं आणि तळाशी चिकटलेले मासे दाखवले. दोन्हींकडे एकच पाणी ओतलं, हे सांगितलं. तो बराच वेळ वाकून बघत होता.

"आतल्यांना भीती वाटत नाही?"

"कळतच नाही त्यांना. नाक गेलंय."

"कधीपासून?"

"माहीत नाही."

"मग मी रोज सकाळी काय ओरडतोय, बाई?" त्याने हे इतक्या खालच्या आवाजात विचारलं की तो भोंगा वाटेना.

माशांच्या नाकाचा असा घात करणाऱ्या गोष्टी फार नाहीत. मी हौदाचं पाणी घेतलं आणि पहिली चाचणी तांब्याची केली. रंग आला. आठवड्याच्या तपासणीतही आला असणार, पण तिथे आपण माणसाच्या मर्यादेशी ताडून पाहतो, आणि माणसाच्या मर्यादेच्या तो पुष्कळ खाली होता. मी माशांच्या मापाने विचार केला. त्यांना तेवढाही पुरेसा होता; मी तडक साहेबांच्या खोलीत गेले.

साहेब कसल्याशा नकाशावर वाकले होते. "बसा बाई."

"साहेब, धरणात काही टाकलंय का?"

"काही म्हणजे?"

"तांब्याचं काही."

"हां, मोरचूद." त्यांनी मान वर केली नाही. "शेवाळ माजलं होतं. धरणवाले दरवर्षी होडीतून मोरचूद फिरवतात, यंदा जरा जास्त फिरवलं. ते खातं वेगळं आहे, आपण त्यात नाक खुपसायचं नाही. का, मर्यादेबाहेर गेलंय?"

"नाही. पण आपल्या माशांचं नाक गेलंय."

"खातात ना?"

"खातात. बघून खातात."

"मग सर्दी झाली म्हणा." ते हसले.

"सर्दी झालेल्या माणसाला गॅस गळलेला कळत नाही, साहेब."

आता त्यांनी मान वर केली. मी सांगितलं, शक्य तितकं सावकाश. काही शेवाळांत विष असतं. शेवाळ जिवंत असतं तोवर ते विष त्याच्या पेशीत कोंडलेलं असतं, आणि पेशी आपल्या गाळणीच्या वाळूत अडकतात, म्हणून काही बिघडत नाही. मोरचुदाने पेशी फुटल्या की विष पाण्यात विरघळतं. विरघळलेलं वाळूत अडकत नाही. मातीचा वास येतोय तोही फुटलेल्या शेवाळाचाच.

"आपल्या शेवाळात विष आहे?"

"माहीत नाही. नमुना बाहेर पाठवावा लागेल."

"मग पाठवा. निकाल येऊ द्या."

"निकाल यायला दिवस जातील. इस्पितळात दुपारची बैठक लागेल. पिणाऱ्याचं कदाचित भागेल, पण तिथे हे पाणी रक्ताला लागतं."

"ते पुन्हा गाळून घेतात."

"घेतात. त्यांचे गाळणीचे कोळसे कधी बदललेत, तुम्हाला माहीत आहे? मला नाही."

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, राग मानू नका. तुमचा भाऊ आहे तिथे, म्हणून तुम्ही घाबरला आहात."

"हो, घाबरलेय."

"अख्ख्या शहराचं पाणी तोडायचं म्हणजे मला कारण द्यावं लागेल. वरून विचारतील. मी काय सांगू त्यांना, मासे स्वस्थ आहेत म्हणून बंद केलं?"

"हो," मी म्हणाले. "तेवढंच सांगा."

ते चिडले, पण माझ्याबरोबर आले. मी उरलेलं पाणी पुन्हा दोन्हींकडे ओतलं. व्हरांड्यातले मासे नुकते कुठे वर यायला लागले होते, ते परत कोसळले. आतले पोहत राहिले. साहेब हौदाच्या काठाशी उभे राहून बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण उघडलं आहे. एका माशाने पाण्याबाहेर तोंड काढलं, एक बुडबुडा सोडला.

"हे असे किती दिवस..." भोंग्याकडे वळून ते म्हणाले, "धरणाचा दरवाजा बंद कर. विहिरीवर जेवढं भागेल तेवढं भागवू."

पण नळांत जे गेलं होतं ते गेलंच होतं, आणि इस्पितळाच्या टाक्या सकाळीच भरलेल्या होत्या. मी डायलिसिसच्या विभागाला फोन लावला. तिथला यंत्रं सांभाळणारा मला ओळखत होता.

"बोला मॅडम. दादा आलेत. आमच्या नर्सला तिकीट फाडून देतायत, पुढे सरका म्हणतायत."

"त्यांना जोडू नका. कुणालाच जोडू नका. पाण्यात विष असण्याची शक्यता आहे."

"मॅडम, सकाळी तुमच्याच ऑफिसातून निरोप आलाय. मासे स्वस्थ."

"तो निरोप चुकला. सकाळच्या बैठकीचे लोक कुठे आहेत?"

"झाले ते. काही गेले घरी, एक-दोघं बाकावर बसलेत. एकाला उलटी झाली. परवाही दोघांचं डोकं फार दुखत होतं. आम्हाला वाटलं उकाडा."

मी त्याला डॉक्टरांना फोनवर बोलवायला सांगितलं.

मग डॉक्टर फोनवर आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनच प्रश्न विचारले, नेमके. मग म्हणाल्या, "मी यंत्रं बंद ठेवते. बाकीच्यांना उद्यापर्यंत ढकलता येईल. तुमच्या भावाला नाही. छातीत पाणी भरलंय, ते झोपूही शकत नाहीत. दुसऱ्या इस्पितळात न्यायचं तर तिथेही नळ हाच. मला दुसरं पाणी आणून द्या, लवकर."

दुसरं पाणी आमच्याकडे एकच होतं. भोंग्याने विहिरीला पंप लावला आणि टँकर भरायला घेतला. भरेस्तोवर मी व्हरांड्यात उभी होते. विहिरीच्या पाण्याची मी महिन्याकाठी तपासणी करत असे, आताही हाताशी होत्या तेवढ्या चाचण्या केल्या. पण शेवाळाच्या विषाची चाचणी माझ्याकडे नव्हतीच. विहिरीवर झाकण होतं, आत ऊन जात नव्हतं, शेवाळ नव्हतं. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते.

टँकरमध्ये भोंग्याच्या शेजारी बसले. तो एरवी गाडी चालवताना सगळ्या रस्त्याशी भांडतो. आज त्याने हॉर्नसुद्धा जपून वाजवला. रस्त्याच्या कडेला एक बाई नळाखाली बादली धरून उभी होती. पाण्याची धार बारीक होत चालली होती आणि ती नळाला थापटत होती, ये रे बाबा, म्हणत. भोंग्याने तिच्याकडे पाहिलं, मग समोर.

"बाई, आमच्याही घरी हेच पाणी."

"माहीत आहे."

"पोरगी सकाळी तांब्याभर पिऊन शाळेत गेली."

"प्यायलेल्याचं यकृत सांभाळतं. थोडं असेल तर," मी म्हणाले. 'थोडं असेल तर' हे शब्द गाळता आले असते. मला ते जमलं नाही.

इस्पितळात टाकी रिकामी करायला वेळ लागला. जुनं पाणी काढायचं, गाळणीतून नवं सोडून सगळ्या नळ्या धुवायच्या, मगच यंत्र सुरू करायचं. यंत्रवाला आणि भोंगा गच्चीवर होते. मी खाली दादापाशी आले. तो खुर्चीत ताठ बसला होता, दोन्ही हातांनी कडा धरून, कारण मागे टेकलं की त्याचा श्वास कोंडत होता. प्रत्येक श्वासात पाण्यातून हवा जावी तसा आवाज येत होता. ओठांवर निळसर छटा होती.

"आलीस?" तो म्हणाला. "पाणी... घेऊन?"

"बोलू नकोस."

"फुकट... नाही हं. तिकीट."

वहिनी त्याची पाठ चोळत होती.

डॉक्टर आल्या, मला दाराबाहेर घेऊन गेल्या. "टाकी भरली. मला तुमच्याकडून ऐकायचंय. हे पाणी चांगलं आहे?"

मी सांगितलं की नेहमीच्या चाचण्या चांगल्या आहेत, या एका विषाची चाचणी झालेली नाही.

"म्हणजे खात्री नाही."

"या पाण्यातल्या माशांना अजून भीती वाटते," मी म्हणाले. "माझ्याकडे एवढीच खात्री आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मला वाटलं त्या रागावतील. आतून दादाचा तो श्वास ऐकू येत होता, मध्येच एक अडकला, मग पुन्हा लागला. "चला," त्या म्हणाल्या.

सुया लागल्या. नळ्यांत रक्त चढलं, यंत्राचं चाक फिरू लागलं. मी त्याच्या पायापाशी स्टुलावर बसले. एरवी मी या यंत्राकडे बघत नाही. आज नळीतल्या रक्ताचा रंग, त्याच्या कपाळावरचा घाम, हाताची बोटं, सगळं बघत होते, आणि काय दिसलं तर थांबवायला सांगायचं ते मनात घोकत होते. मळमळ. डोकेदुखी. दिसेनासं होणं.

बऱ्याच वेळाने तो आवाज कमी झाला. दादा थोडा मागे टेकला. वहिनीने पाठीवरचा हात काढून घेतला आणि तो हात मांडीवर तसाच उपडा ठेवून ती बसून राहिली.

"जरा जागा झाली बघ छातीत," दादा म्हणाला. "मघाशी उभ्याने प्रवास चालला होता."

मी हसले नाही. मी त्याला भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे वाचायला लावले. त्याने वाचले. मग दारावरची पाटी. तीही वाचली. "परीक्षा आहे का?" तो म्हणाला.

दाराबाहेर बाकावर सकाळच्या बैठकीतला एक माणूस बसला होता. लेक न्यायला येणार म्हणून थांबलेला, मांडीवर पिशवी. तो मान वळवून आत आमच्या दिशेने बघत होता, पण नजर आमच्यावर ठरत नव्हती.

"अहो," तो कुणाला तरी म्हणाला, "इतक्यात दिवे का कमी केलेत?"

दिवे कुणी कमी केले नव्हते. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. नर्स औषधाचा ट्रे हातात घेऊन जागच्या जागी थांबली. मी उठले, डॉक्टरांच्या खोलीकडे धावत गेले, त्या माझ्यापुढे धावत आल्या आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसल्या. माझ्या बोटांकडे बघा, त्या सांगत होत्या. तो चुकीच्या बाजूला बघत होता.

मी दादाच्या खुर्चीपाशी परत आले. त्यानेही ऐकलं होतं. वहिनीने त्याचा मोकळा हात घट्ट धरला होता. परवाची अर्धी बैठक त्याने त्याच पाण्यावर काढली होती; ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्याने छताकडच्या नळीच्या दिव्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग बराच वेळ माझ्याकडे.

"मला नीट दिसतंय," तो म्हणाला.

मी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.